काउंटचं इंजेक्शन: घरी कसं द्यायचं आणि ते आत काय करतं

केमो झाल्यावर डिस्चार्जच्या कागदावर पुष्कळदा एक ओळ असते: इंजेक्शन फिलग्रास्टिम ३०० मायक्रोग्रॅम, त्वचेखाली, रोज एक. वॉर्डात त्याला कुणी या नावाने हाक मारत नाही, सगळे ‘काउंटचं इंजेक्शन’ म्हणतात; काउंट म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडा. सुरगाणा, कळवण, येवला, सिन्नर इथून येणाऱ्या माणसाला रोजच्या एका टोचणीसाठी नाशिक गाठणं झेपत नाही. मग ते घरातल्याच कुणीतरी द्यायचं ठरतं. नर्स एकदा करून दाखवते, आणि घरी आल्यावर प्रश्न सुरू होतात. केमोच्याच दिवशी का देत नाहीत? लाइट गेली आणि फ्रीज बंद पडला तर? दुसऱ्याच दिवशी पेशी वाढल्यात, मग उरलेली इंजेक्शनं कशाला?

नियम नुसते पाठ केले तर घाईच्या वेळी नेमका एखादा निसटतो. इंजेक्शन आत कुणाशी बोलतं हे कळलं, की प्रत्येक नियम आपोआप लक्षात राहतो. म्हणून आधी आतलं थोडं सांगतो, मग सुईकडे वळू.

पेशीच्या अंगावरचा कान

या इंजेक्शनात रक्त नसतं, पांढऱ्या पेशी नसतात, लोह किंवा जीवनसत्त्वंही नसतात. असतं फक्त एक प्रथिन, जी-सीएसएफ नावाचं. आपलं शरीर ते स्वतःही बनवतं, जंतुसंसर्ग झाला की भरपूर बनवतं. द्राक्षबागायतदाराला हे चटकन कळेल. आपण घडाला जीएचं डिपिंग करतो, म्हणजे जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या पाण्यात घड बुडवतो, तेव्हा वेलीला काही खाऊ घालत नाही. मणी फुगव, असा निरोप देतो. अन्नपाणी वेल स्वतःच पुरवते. निरोप चुकीच्या दिवशी गेला तर त्याच जीएने घड बिघडतो, हेही बागेत सगळ्यांना ठाऊक असतं. जी-सीएसएफ हा हाडांतल्या मगजाला, म्हणजे अस्थिमज्जेला, दिलेला तसाच निरोप आहे.

निरोप ऐकायला कान लागतो. मज्जेतल्या ज्या पेशींपासून पुढे न्यूट्रोफिल ही जंतूंशी लढणारी पांढरी पेशी तयार होते, त्यांच्या पृष्ठभागावर जी-सीएसएफचे रिसेप्टर असतात. मराठी पुस्तकांत त्यांना ग्राही म्हणतात. एका पेशीवर ते फार नसतात, शेकड्यांत मोजावे एवढेच. प्रत्येक रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणातून आरपार गेलेली एक लांब साखळी: वरचं टोक बाहेर रक्ताच्या बाजूला, खालचं टोक पेशीच्या आत.

एकटा रिसेप्टर काहीच करू शकत नाही. जी-सीएसएफचे रेणू येऊन बसतात तेव्हा दोन रिसेप्टर एकमेकांजवळ ओढले जातात. दोन निरोप आणि दोन रिसेप्टर अशी चौघांची जुडी बनते. सगळी गंमत या जवळ येण्यात आहे. रिसेप्टरच्या आतल्या टोकाला जॅक नावाची एन्झाइमं आधीपासून चिकटलेली असतात. दोन रिसेप्टर जवळ आले की त्यांची जॅकही समोरासमोर येतात आणि एकमेकांवर फॉस्फेटचा ठप्पा मारून एकमेकांना जागं करतात. जागी झालेली जॅक मग रिसेप्टरच्याच शेपटीवर ठरलेल्या चार ठिकाणी ठप्पे मारतात. हे ठप्पे म्हणजे आत फिरणाऱ्या प्रथिनांना बसायला मांडलेले पाट.

त्या पाटांवर येऊन बसणाऱ्यांत मुख्य असतं स्टॅट-३. त्याच्यावरही ठप्पा पडतो. मग दोन-दोन स्टॅट जोडीने पेशीकेंद्रात शिरतात आणि न्यूट्रोफिल घडवणारी जनुकं चालू करतात. इंजेक्शनच्या सुईपासून डीएनएपर्यंतच्या प्रवासातला हा शेवटचा टप्पा काही मिनिटांचा असतो. शेजारच्या पाटांवरून आणखी दोन वाटा फुटतात. रास आणि मॅप-कायनेजची वाट पेशीला ‘विभागणी कर’ म्हणते. पीआय-३-कायनेजची वाट ‘मरू नको’ म्हणते. ही दुसरी वाट लोक विसरतात. मज्जेतल्या अपुऱ्या वाढलेल्या पेशींना असा निरोप मिळाला नाही तर त्या स्वतःहून मरतात. म्हणजे हे इंजेक्शन नव्या पेशी वाढवतं आणि असलेल्या मरू देत नाही, दोन्ही कामं एकदम होतात.

तिसरं काम घाईचं. मायलोसाइट या टप्प्यापर्यंत पेशी विभागत राहते, त्यानंतर फक्त पिकते. पिकायला एरवी पाच-सहा दिवस लागतात. जी-सीएसएफ असताना तो काळ निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतो.

आणि ब्रेकही याच यंत्रणेत आहे. स्टॅट-३ जी जनुकं चालू करतं त्यातलंच एक सॉक्स-३ नावाचं प्रथिन बनवतं. ते परत त्याच रिसेप्टरच्या शेपटीवर येऊन बसतं आणि जॅक बंद पाडतं. शिवाय निरोप घेतलेला रिसेप्टर पेशी आत ओढून घेते आणि निरोपासकट पचवून टाकते. त्यातच फिलग्रास्टिमचा निम्मा भाग साडेतीन तासांच्या आसपास रक्तातून निघूनही जातो. रोज टोचावं का लागतं याचं उत्तर हेच: निरोप लवकर विरतो, आणि पेशी स्वतःच तो मिटवत असते.

ब्रेक नसला तर काय होतं तेही डॉक्टरांनी पाहिलेलं आहे. जॅकपैकीच एक असलेल्या जॅक-२ मधल्या एका बदलामुळे ते निरोपाशिवायच जागं राहतं. २००५ साली हे उघड झालं. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात, म्हणजे लाल पेशी बेसुमार वाढतात त्या आजारात, बहुतेक रुग्णांत हाच बदल सापडतो. लाल पेशींचा निरोप एरिथ्रोपोएटिन हा मुख्यतः मूत्रपिंडातून येतो, प्लेटलेटचा थ्रॉम्बोपोएटिन यकृतातून. दोघांचेही रिसेप्टर असेच जोडीने काम करतात आणि दोघांनाही जॅक-२ लागतं. पण प्रत्येक निरोपाचा कान वेगळा. म्हणून काउंटच्या इंजेक्शनाने हिमोग्लोबिन वाढत नाही आणि प्लेटलेटही वाढत नाहीत. ‘पाच इंजेक्शनं झाली तरी हिमोग्लोबिन आठच’ ही तक्रार म्हणून चुकीच्या औषधाबद्दल असते.

पहिलं इंजेक्शन कधी

केमो संपल्यापासून २४ तास उलटल्याशिवाय नाही. आणि पुढची केमो सुरू व्हायच्या आधीचे २४ तासही नाही. सगळ्या नियमांत हा सर्वांत कडक.

कारण वर आलंच आहे. केमोची बहुतेक औषधं विभागत असलेल्या पेशींना मारतात. कॅन्सरची पेशी झपाट्याने विभागते म्हणून ती सापडते, आणि मज्जेतली पेशीही विभागते म्हणून तीही सापडते. केमो शरीरात फिरत असताना आपण मज्जेला ‘विभागणी कर’ असा निरोप दिला, तर निवांत बसलेल्या पेशीही विभागणीत उतरतात आणि थेट माऱ्यात येतात. काउंट वाढायच्या ऐवजी आणखी खाली जातो. ‘लवकर दिलं तर लवकर वाढेल’ हा हिशोब इथे उलटा बसतो.

केमोची सलाइन किती वाजता संपली ती वेळ कागदावर लिहून घ्या. संध्याकाळी सहाला संपली असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत सुई लावायची नाही. पंप लावून घरी पाठवलं असेल तर २४ तास पंप निघाल्यापासून मोजायचे. केमोच्या गोळ्याही चालू असतील तर डॉक्टरांना तसं स्पष्ट विचारा, कारण तिथे ‘केमो संपली’ कधी म्हणायचं हे ते ठरवतात.

नंतर रोज साधारण एकाच वेळी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. फोन करून विचारा. रिसेप्टर मोजके आहेत, दुप्पट निरोप पाठवून दुप्पट काम होत नाही.

डोस डॉक्टर ठरवतात. नेहमीचा हिशोब दर किलो वजनाला रोज ५ मायक्रोग्रॅम. ५८ किलोच्या माणसाला २९० येतात, म्हणून ३०० ची एक सिरिंज. लहान मुलाचा डोस मात्र जवळच्या आकड्यावर आपण ढकलायचा नसतो. कागदावर जितके मिलीलीटर लिहिलेत तितकेच.

गोळे कॉलनीतल्या औषध दुकानापासून घरच्या फ्रीजपर्यंत

हे प्रथिन आहे. अंड्याचा पांढरा भाग तव्यावर जसा रूप बदलतो आणि परत पातळ होत नाही, तसंच याचंही. आकार बिघडलेला रेणू रिसेप्टरवर बसतच नाही. वरकरणी सिरिंज अगदी ठीक दिसते, पाणी स्वच्छ दिसतं, सुई नीट टोचली जाते आणि काउंट जागचा हलत नाही. इंजेक्शन लागू पडलं नाही असं वाटतं तेव्हा थंडीची साखळी कुठे तुटली का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस. दुकानात घेताना ते फ्रीजमधूनच काढून देतायत ना, हे डोळ्यांनी पाहा. काउंटरवर आधीपासून ठेवलेलं घेऊ नका. मेडिकलवाला बर्फाची पिशवी देतो तिच्याबद्दल एक सावधगिरी: इंजेक्शनचा डबा आणि बर्फ यांच्यात सुती टॉवेलाच्या दोन घड्या हव्यात. बर्फाला थेट चिकटलेलं इंजेक्शन गोठतं, आणि गोठणं हे उन्हाइतकंच वाईट. रुंद तोंडाचा थर्मास किंवा थर्माकोलचा छोटा डबा चांगला. एप्रिल-मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा एसटीच्या खिडकीशी, टपावर, किंवा दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. डिकी बंद असली तरी आत भट्टी होते.

घरी फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात, पुढच्या बाजूला ठेवा. दारात नको, कारण दार उघडझाप होतं. फ्रीझरखालच्या ट्रेत नको, मागच्या भिंतीला टेकवूनही नको, तिथे पाणी गोठतं. मूळ खोक्यातच असू द्या, उजेडानेही बिघडतं. वीज गेली तर फ्रीज उघडू नका. बंद फ्रीज काही तास गार राहतो. बऱ्याच ब्रँडच्या माहितीपत्रकात बाहेरच्या तापमानाला एकूण २४ तासांपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, पण हा आकडा ब्रँडप्रमाणे बदलतो. आपल्या खोक्यातलं पत्रक वाचा, आणि किती वेळ बाहेर होतं ते आठवून लिहा. गोठलं असल्याची शंका आली तर ते देऊ नका, आधी विचारा. गावात फ्रीजच नसेल तर शेजाऱ्यांकडे ठेवण्यापेक्षा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येईल का आणि तिथेच टोचून मिळेल का, हे विचारून पाहा. तिथे लशींसाठी थंडीची सोय असते आणि तापमानाची नोंदही.

टोचताना

खोकं फ्रीजमधून काढून अर्धा तास ओट्यावर ठेवा. थंड औषध जास्त झोंबतं. गरम पाण्यात धरू नका, उन्हात ठेवू नका. आणि हलवू नका. खोकल्याचं औषध हलवून घ्यायची सवय असते, तिथेच चूक होते. जोरात हलवलं की फेस येतो, आणि फेसाच्या बुडबुड्यांवर प्रथिनाचा आकार उलगडतो.

औषध पाण्यासारखं स्वच्छ हवं. गढूळ, रंगीत किंवा कण दिसणारं परत करा. एक्स्पायरीची तारीख पाहा. ब्रँड बदलला असेल तर किती मिलीलीटरमध्ये किती मायक्रोग्रॅम हे नव्याने वाचा: एका कंपनीच्या कुपीत ३०० मायक्रोग्रॅम १ मिलीलीटरमध्ये असतात, दुसरीच्या सिरिंजमध्ये अर्ध्या मिलीलीटरमध्ये.

हात साबणाने वीस सेकंद धुवा, स्वच्छ फडक्याने पुसा. जागा: पोट, बेंबीभोवतीची दोन इंच सोडून, मांडीचा पुढचा-बाहेरचा भाग, दुसरं कुणी देत असेल तर दंडाची मागची-बाहेरची बाजू. रोज जागा बदला. काळीनिळी, लाल, घट्ट झालेली किंवा जुन्या टाक्यांची जागा टाळा. सुती लुगडं कमरेला घट्ट बसतं ती रेघही टाळलेली बरी, दिवसभर घासतं.

स्पिरिटचा बोळा फिरवा आणि जागा वाळू द्या. ओल्या स्पिरिटवरून सुई गेली की जळजळतं, आणि मग आजीबाई दुसऱ्या दिवशी पोट पुढे करत नाहीत. टोपण सरळ ओढून काढा, सुईला काही लागू देऊ नका. डाव्या हाताच्या अंगठा-तर्जनीने कातडीची सैलशी घडी धरा. उजव्या हातात सिरिंज पेनसारखी धरून सुई एका दमात आत घाला: अंगावर चरबी असेल तर सरळ काटकोनात, माणूस वाळलेला असेल तर तिरपी, ४५ अंशांत. केमोने किडकिडीत झालेल्या माणसाला सरळ सुई दिली तर ती स्नायूत जाते, दुखतं आणि रक्त साकळतं. दट्ट्या सावकाश, आठ-दहा सेकंदांत, शेवटपर्यंत दाबा. पाच सेकंद थांबा. सुई त्याच कोनात बाहेर काढा. कोरडा कापूस टेकवून धरा, चोळू नका. प्लेटलेट कमी असतील तर दोन-तीन मिनिटं दाबून धरा.

कुपीतून भरायचं असेल तर १ मिलीलीटरची साधी सिरिंज घ्या. घरात साखरेच्या रुग्णाच्या इन्सुलिनच्या सिरिंज पडून असतात, त्या सहज हाताशी येतात. त्यांच्यावरच्या रेघा युनिटच्या असतात, मिलीलीटरच्या नाहीत, आणि आपल्याकडे त्या दोन प्रकारच्या मिळतात. एकीत ४० युनिट म्हणजे १ मिलीलीटर, दुसरीत १०० युनिट म्हणजे १ मिलीलीटर. अर्धा मिलीलीटर भरायला सांगितलेला असताना दुसऱ्या सिरिंजवर २० पर्यंत भरलं, तर अंगात निम्म्याहूनही कमी औषध जातं. कुपीत उरलेलं उद्यासाठी ठेवू नका. त्यात जंतू रोखणारं द्रव्य नसतं, आणि ज्याच्या अंगात जंतूंशी लढायला पेशी उरलेल्या नाहीत त्यालाच ते द्यायचं असतं.

वापरलेल्या सुईला टोपण परत लावू नका. जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात सिरिंजसकट टाका, पाऊण भरला की टेप लावून पुढच्या फेरीत रुग्णालयात द्या. घंटागाडीत सुटी सुई टाकली की ती गाडीवरच्या माणसाच्या हातात घुसते.

रिपोर्टातला आकडा

तपासणीचं रक्त इंजेक्शनच्या आधी, सकाळी द्या. जांभळ्या टोपणाची नळी, सीबीसीची, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीची. रिपोर्टवर एकूण पांढऱ्या पेशी आणि न्यूट्रोफिलचे टक्के असतात. आपल्याला हवा तो आकडा, एएनसी, म्हणजे न्यूट्रोफिलची प्रत्यक्ष संख्या, बऱ्याच वेळा गुणाकार करून काढावा लागतो. एकूण पेशी १,८०० आणि न्यूट्रोफिल २२ टक्के, तर १,८०० गुणिले २२ भागिले १०० म्हणजे ३९६. बँड पेशींचे, म्हणजे पुरत्या न पिकलेल्या न्यूट्रोफिलचे, टक्के वेगळे दिले असतील तर ते न्यूट्रोफिलमध्ये मिळवा. काही लॅब १,८०० ऐवजी १.८ छापतात आणि वर हजारांत असं लिहितात. घाबरू नका, आकडा तोच. ५०० च्या खाली गेलं की धोका मोठा, १,००० च्या खाली सांभाळून, १,५०० च्या वर निवांत. पेशी फार कमी असताना मशीनचे टक्के चुकू शकतात, म्हणून काचेवर पसरलेलं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हाताने मोजलेत का ते विचारा.

आता सर्वांत जास्त फसवणारी गोष्ट. पहिल्या दोन इंजेक्शनांनंतर आकडा एकदम उडी मारतो. घरचे खूश होतात आणि उरलेली सिरिंज फ्रीजमध्ये राहते. ही उडी नव्या पेशींची नसते. मज्जेच्या कोठारात तयार असलेला माल निरोप मिळताच बाहेर पडलेला असतो. केमोने ज्या पेशी मारल्या त्यांच्या पुढच्या पिढ्या अजून यायच्याच असतात. म्हणून बहुतेक केमोत काउंट सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान तळ गाठतो. निरोप तळ ओलांडेपर्यंत चालू ठेवायचा असतो. किती दिवस, हे डॉक्टरच सांगतील. उडी पाहून आपण थांबवायचं नाही.

शेवटच्या इंजेक्शननंतर एक-दोन दिवसांत आकडा जवळपास निम्मा होतो. तेही ठरलेलंच आहे, त्याला आजार परतला असं समजू नका. रिपोर्टात ‘लेफ्ट शिफ्ट’, ‘टॉक्सिक ग्रॅन्युल्स’ असे शब्द आले, अल्कलाइन फॉस्फटेज आणि एलडीएच थोडं वर गेलं, तर काउंटचं इंजेक्शन चालू आहे हे नव्या डॉक्टरला आधी सांगा. पेट स्कॅन ठरला असेल तर तिथेही सांगा: कामाला लागलेली मज्जा स्कॅनमध्ये उजळ दिसते आणि आजार हाडात गेल्यासारखं वाटू शकतं.

हाडं दुखतात तेव्हा, आणि ताप येतो तेव्हा

कंबर, नितंब, छातीचं मधलं हाड ठणकणं हा नेहमीचा त्रास. मोठ्या माणसाची मज्जा याच हाडांत काम करते. दुखणं म्हणजे निरोप पोचला. पॅरासिटामॉलने बहुतेकांचं भागतं, पण गोळी घेण्याआधी दर वेळी ताप मोजा. पॅरासिटामॉल ताप झाकतं, आणि काउंट कमी असताना पू, सूज, कफ पुष्कळदा दिसतच नाहीत, कारण ते बनवायला न्यूट्रोफिलच लागतात. पुष्कळदा ताप हीच एकमेव खूण उरते. इतर वेदनाशामक गोळ्या मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून घेऊ नका, प्लेटलेट कमी असताना त्यांनी रक्तस्राव होऊ शकतो.

तोंडात थर्मामीटर ठेवून १००.४ फॅरनहाइट आला की लगेच फोन. १०१ आला, किंवा १००.४ तासभर टिकला, तर गाडी काढा, सकाळची वाट पाहू नका. अशा तापात अँटिबायोटिक पहिल्या तासात शिरेतून जायला हवं. काखेतला ताप तोंडातल्यापेक्षा कमी दाखवतो हे ध्यानात धरा. गुदद्वारात थर्मामीटर घालू नका. सातव्या ते चौदाव्या दिवसांत रात्री गाडी कुणाची मिळेल, कुठल्या दवाखान्यात भरती होते, पैसे आणि फाइल कुठे आहे, हे आधीच ठरवून ठेवा. घाटातून रात्री येणाऱ्यांना ही तयारी फार उपयोगी पडते. दाखल होताना पहिलं वाक्य असं म्हणा: ‘केमो अमक्या तारखेला झाली, काउंट कमी आहे, ताप आलाय.’

डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्याच्या टोकाला जोरात दुखलं तर ती हाडांची वेदना समजू नका. प्लीहा फुगून क्वचित फुटू शकते. दम लागला, अंगावर पित्ताच्या गांधी उठल्या, चेहरा सुजला तरी लगेच न्या.

सिकलसेल असेल तर

सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर, बागलाण या तालुक्यांतल्या आदिवासी घरांत सिकलसेलचा दोष सापडतो. अशा माणसाला जी-सीएसएफ दिलं तर सिकलसेलचा तीव्र झटका येऊ शकतो, आणि त्यात जीवही गेल्याच्या नोंदी आहेत. पांढऱ्या पेशी एकदम वाढून चिकट होतात आणि विळ्याच्या आकाराच्या लाल पेशींबरोबर बारीक वाहिन्या तुंबवतात. सिकलसेलचं कार्ड असेल, घरात कुणाला हा आजार असेल, किंवा नुसता वाहक असाल, तरी पहिल्या इंजेक्शनच्या आधी सांगा. तपासणी झालेलीच नसेल तर करून मागा. शासकीय आरोग्य केंद्रांत ती होते.

पपईचा पाला, द्राक्षं, रामकुंड

पपईच्या पाल्याचा रस, बकरीचं दूध, किवी यांतलं काहीही जी-सीएसएफच्या रिसेप्टरवर बसत नाही. कच्च्या पाल्याचा रस आणि न उकळलेलं दूध यांतून जंतू मात्र पोटात जातात. शिजलेली मटकीची उसळ चालेल, कच्चे मोड नकोत. द्राक्षांचा घड देठाशी नीट धुता येत नाही, म्हणून मणी सुटे करून वाहत्या पाण्यात धुवा, किंवा काउंट वर येईपर्यंत सालीची फळं सोलून द्या. या दिवसांत रामकुंडावर स्नान नको, गर्दीही नको. मज्जेला पेशी घडवायला प्रथिनं लागतात; अंडं उकडून, वरण, पनीर, जे पचेल ते द्या.

एकदाच द्यायचं इंजेक्शन

काहींना रोजच्याऐवजी केमोच्या एका फेरीला एकच सुई देतात, ६ मिलिग्रॅमची पेगफिलग्रास्टिम. त्याच प्रथिनाला पेग नावाची लांब शेपटी जोडलेली असते, त्यामुळे मूत्रपिंड ते गाळू शकत नाही. मग ते कमी कशाने होतं? न्यूट्रोफिलच्याच रिसेप्टरमधून. पेशी कमी असतील तोवर ते रक्तात टिकतं, पेशी वाढल्या की त्याच ते गिळून संपवतात. गरज संपताच औषधही संपतं, इतकी नेटकी सोय रोजच्या सुईला नाही. पण म्हणूनच याचं वेळापत्रक जास्त कडक: केमोनंतरचे २४ तास नाही, आणि पुढच्या केमोच्या आधीचे १४ दिवस नाही. दर पंधरवड्याला केमो असेल तर हे दिवस बोटांवर मोजून डॉक्टरांसमोर धरा. तिथे केमोच्या दुसऱ्याच दिवशी दिलं तरी १४ दिवस पुरे बसत नाहीत, म्हणून द्यायचं की नाही, आणि उशीर झाला तर काय, हे त्यांनाच विचारा. ही सिरिंज महाग असते. थर्मासमध्ये नेताना तिच्याही भोवती टॉवेलाच्या दोन घड्या.